स्क्रीन बंद झाल्यावरची मेंढी

वैशालीवहिनींचा फोन आला तेव्हा मी परभणी स्टेशनबाहेर रिक्षाची वाट पाहत होतो. "अपिलाचा निकाल लागला," त्या म्हणाल्या. ज्याचं अपील होतं, तो त्यांचा नवरा, माझा मित्र सुधाकर, जाऊन काही आठवडे उलटले होते...

सुधाकर मोबाइलची ॲप बनवायचा. राणीसावरगावजवळच्या मेंढपाळांच्या वस्तीवर बसून त्यानं आजारी जनावरांची चित्रं काढली होती. लंगडणारी मेंढी, पोट फुगलेली शेळी. वाचता येत नसलं तरी चित्रावर बोट ठेवलं की डॉक्टरांना निरोप जायचा. ती चित्रं आपल्या नावावर राहावीत म्हणून त्यानं डिझाइन नोंदणीचा अर्ज केला. तो नामंजूर झाला. स्क्रीन बंद केली की चित्र उरत नाही, मग ते वस्तूचं डिझाइन कसं, असं कारण दिलं होतं. मधल्या काळात एका कंपनीनं तशाच मेंढ्या आपल्या ॲपमध्ये घातल्या. डिझाइन नोंदणीचं कार्यालय कलकत्त्याला, म्हणून सुधाकरनं तिथल्याच हायकोर्टात अपील केलं. पुढं आजारपण आलं, तरी तारखा पडतच राहिल्या.

शेवटच्या भेटीत, दवाखान्यात, तो डोळे मिटून पडला होता. मला वाटलं झोपलाय. एकदम म्हणाला, "दिसत नाही म्हणजे नाहीच, असं कसं रे?" केसबद्दल विचारतोय असं समजून मी वकिलांचं काहीबाही सांगत बसलो... घरातला दिवा बंद केला की तो प्रश्न अजून ऐकू येतो.

तो गेल्यावर नातेवाईक म्हणाले, सोडा आता ती केस. वहिनींनी वारस म्हणून स्वतःचं नाव लावून घेतलं. "तेवढं एकच काम त्यांनी अर्धं ठेवलंय," एवढंच बोलल्या. निकाल असा लागला: नकार रद्द, अर्ज नव्यानं तपासावा. जिंकलो म्हणावं तर तसंही नाही.

हे सांगायला मी वस्तीवर गेलो. सोजराबाई मेंढरं कोंडत होत्या. त्यांच्याच अंगणात सुधाकर चित्रं काढत बसायचा. फोनवरची लंगडी मेंढी दाखवत त्या म्हणाल्या, "ही आमची काळी. भाऊनं तिच्याकडं बघूनच काढली. तिला मरून वरीस झालं, पर हितं हाय बगा." मग विचारलं, "भाऊ कवा यायलेत?"

तो गेल्याचं मी सांगितलं. त्या फोनवरच्या मेंढीकडंच बघत राहिल्या. मग फोन ठेवून चुलीत काटक्या सारल्या.

"बसा. चहा घेऊन जावा," पाठमोऱ्याच म्हणाल्या. "भाऊ कवाच बिनचहाचे गेले न्हाईत."