बुइटनव्हेल्डर्टचा ऑफ-पिस्ट उस्ताद

चहाचा कप आधी खाली ठेवा बघू! मागे हा किस्सा सांगत होतो तेव्हा समोरच्याच्या नाकातून चहा आला होता, आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाचं पाप अजून माझ्या माथी आहे. एवढा मोठा गाढवपणा मी आयुष्यात एकदाच केला. म्हणजे, एवढा मोठा एकदाच.

करोनाचा पहिला हिवाळा. आम्ही अ‍ॅमस्टरडॅमला, बुइटनव्हेल्डर्टमध्ये राहतो. मी, बायको मुग्धा आणि सात वर्षांची ईरा. माझं ऑफिस झुइडासला, सायकलवर दहा मिनिटं. पण तेव्हा ऑफिस म्हणजे जेवणाच्या टेबलाचं एक टोक. दुसऱ्या टोकाला ईराची शाळा, आणि मुग्धाचं ऑफिस ओट्यावर, कुकरच्या शेजारी.

आमच्या टीममध्ये शुक्रवारी साडेचारला बॉरल असतो. बॉरल म्हणजे उभ्याउभ्या बिअर आणि गप्पा. करोनात तो लॅपटॉपवर आला, एवढंच. आणि हिवाळ्यात डच माणसाचा विषय एकच: स्कीइंग! कोण आल्प्समध्ये कुठे जाणार, कोण तीन वर्षांचा असताना पहिल्यांदा स्कीवर उभा राहिला. तीन वर्षं मी त्या गप्पांच्या कडेला संत्र्याचा रस घेऊन उभा होतो. कोणी वाईट वागत नव्हतं हो! फक्त माझ्याकडे सांगायला काही नव्हतं, आणि जो काही सांगत नाही तो हळूहळू दिसेनासा होतो. मला ते लागायचं. फार लागायचं.

त्या वर्षी मात्र कोणालाच आल्प्सला जाता येणार नव्हतं. सगळ्यांचे चेहरे गणपती रद्द झालेल्या पुणेकरासारखे. आमचा मॅनेजर वाउटर, सव्वासहा फुटी माणूस, अगदी पोरका दिसत होता. कुठून त्याला बुद्धी झाली, त्याने विचारलं, "मंदार, तू करतोस का रे स्की?" म्हणजे इंग्रजीत विचारलं, पण तुम्हाला मी सगळं मराठीतच सांगतो.

आता 'नाही' म्हणायला काय लागतं? दोन अक्षरं! पण अवदसा आठवली की माणसाला जास्त अक्षरं सुचतात.

"करतो की," मी म्हणालो. "पण मी फक्त ऑफ-पिस्ट."

ओट्यावरचा खडखडाट एकदम थांबला. मुग्धा झारा हातात धरून माझ्याकडे बघत होती.

पिस्ट म्हणजे आल्प्समध्ये यंत्राने बर्फ दाबून केलेली गुळगुळीत वाट. ती सोडून थेट डोंगराच्या अंगावरून, कोवळ्या बर्फातून खाली येतात, ते ऑफ-पिस्ट. हा शब्द मी आदल्याच दिवशी कुठेतरी वाचला होता. आणि तुम्हीच सांगा, हे खोटं होतं का? कॉलेजात असताना निम्मा सह्याद्री मी बसून घसरत उतरलोय. तिथे कुठे पिस्ट होती?

वाउटरचे डोळे चमकले. "ऑफ-पिस्ट? वा! मग पुढच्या शुक्रवारी आम्हाला एखादी रूट दाखव ना!"

कॉल संपला. मुग्धा म्हणाली, "तुला साधं बर्फाच्या गोळ्याने सर्दी होते."

पण मी पेटलो होतो! एक बडं स्की रिसॉर्ट निवडलं, उपग्रहाचे नकाशे उघडले आणि हरवलोच. अहो, मी पंधरा वर्षं पुण्याच्या पोरांचे ट्रेक नेलेले आहेत. समोच्च रेषा मला वर्तमानपत्रासारख्या वाचता येतात. बघतो तर काय, आल्प्स म्हणजे सगळा ओळखीचाच मामला! ते ज्याला 'कुलुआर' म्हणतात, ती आपली नाळ हो, दोन कड्यांमधली! ज्याला 'कोल' म्हणतात ती खिंड. अमुक रिज म्हणजे सरळसरळ डोंगराची सोंड. रात्री जेवताना ताटातल्या भाताचे मी उत्तर आणि दक्षिण उतार करून ईराला समजावत होतो. ईरा म्हणाली, "बाबा, कॅन आय जस्ट ईट इट?"

शुक्रवारी मी स्क्रीन शेअर केली. तांबड्या रेघेने आखलेली रूट, त्यावर बाण, थांबण्याच्या जागा, वेळा, सगळं. वीस मिनिटं बोललो. थांबलो तेव्हा कॉलवर पूर्ण शांतता. वाउटर तोंडावर हात ठेवून बसला होता. मारिके, म्हणजे माझी सहकारी, जिचा मुलगा ईराच्याच वर्गात आहे, तिने तर मधेच कॅमेरा बंद केला होता.

"भारावले," मी मुग्धाला सांगितलं.

"अप्रतिम," वाउटर शेवटी घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पुढच्या शुक्रवारी अजून एक?"

झालं! सहा शुक्रवार, सहा रूट. मी रोज सकाळी उठून दात घासायच्या आधी आल्प्समधलं हिमस्खलनाचं बुलेटिन वाचायला लागलो. खिडकीबाहेर पाऊस, आणि मी मुग्धाला गंभीर चेहऱ्याने सांगतोय, "आज ईशान्येच्या उतारांवर धोका तीन नंबरचा आहे." लोक मला बॉरलला उस्ताद म्हणायला लागले. मला आधी विचारायला लागले, मी बोललो की गप्प व्हायला लागले. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्या गप्पांच्या मधोमध उभा होतो, आणि मला तिथून हलायचं नव्हतं. त्यासाठी आयुष्यभर खोटं बोलायला लागलं असतं तरी चाललं असतं. या सपाट देशात कोण माझी परीक्षा घेणार होतं?

मग फेब्रुवारीत एका रविवारी इथे बर्फ पडला.

साधा नाही! सायकली गडप, कालवे गोठले. अख्खं हॉलंड आनंदाने वेडं झालं. बुधवारी वाउटरचा मेसेज: "उस्ताद! शनिवारी अकरा वाजता, जंगलातली टेकडी!"

आमच्या घराजवळच्या जंगलात मातीचा भराव टाकून केलेली एक टेकडी आहे. आपल्या पर्वतीने तिला सहज कडेवर घेतलं असतं. पण त्या क्षणी मला ती एव्हरेस्ट वाटली.

"स्की नाहीत माझ्याकडे!" मी घाईघाईने टाइप केलं.

मारिकेचा निरोप: "माझ्या नवऱ्याच्या आहेत. बूट बेचाळीस नंबरचे. तुझा नंबर काय?"

बेचाळीस! जगात एवढे आकडे आहेत, त्या माणसाला नेमका माझाच पाय मिळावा?

मग मी त्या वर्षीचं हुकमी अस्त्र काढलं. "घसा दुखतोय," लिहिलं. आणि पटायला हवं म्हणून जोडीला, "जरा तापही आहे."

तो ताप नडला. घसा एकट्याचा असतो हो, ताप अख्ख्या घराचा असतो! मारिकेने लगेच कळवलं, "अरे बापरे. मग ईरा उद्या शाळेत येणार नाही ना? मी बाईंना सांगून ठेवते. टेस्ट करून घे."

आता ऐका. शाळा सात आठवडे बंद होत्या. सात! त्याच सोमवारी उघडल्या होत्या. मुग्धा तीन दिवस घरात गाणी गुणगुणत होती. आणि मी तिला जाऊन सांगितलं की उद्यापासून ईरा घरी.

"तुला ताप नाहीये," मुग्धा म्हणाली.

"नाहीये."

"घसाही दुखत नाहीये."

"नाही."

"आणि तू माझ्या पोरीची शाळा बुडवलीस, कारण तुला एका मातीच्या ढिगाऱ्याची भीती वाटते!"

मी गुरुवारी जाऊन नाकात काडी घालून घेतली. ती काडी मेंदूपर्यंत गेली असावी, पण तिथेही तिला काही सापडलं नाही. शुक्रवारी रिपोर्ट आला: निगेटिव्ह. लोक निगेटिव्ह आल्यावर देवापुढे साखर ठेवत होते. मी डोकं धरून बसलो. मुग्धाने माझ्याच फोनवरून टीमला कळवलं, "निगेटिव्ह! मंदार शनिवारी नक्की येतोय!!!" पुढे तीन उद्गारचिन्हं.

शनिवार. ऊन, निळं आभाळ, टेकडीवर पन्नास पोरं घसरगाड्या घेऊन. बाहेर दोघांनीच भेटायचा नियम होता, म्हणून मारिके माझ्याबरोबर टेकडीच्या माथ्यावर, आणि वाउटर खाली लांब 'योगायोगाने' उभा. बाकीची टीम मारिकेच्या फोनवर, व्हिडिओ कॉलवर. खाली मुग्धा आणि ईरा. ईराने वर्गात सांगून ठेवलं होतं की तिचे बाबा डोंगरावरून उड्या मारतात. तिच्या वर्गातली चार पोरं ओळीने उभी होती.

मी बूट चढवले. मारिके दबक्या आवाजात म्हणाली, "मंदार, डावा उजव्यात गेलाय."

"आमच्याकडे आधी असंच घालून बघतात," मी म्हणालो.

स्की खटकन बुटांना बसल्या. मी कॉलवाल्यांना दोन शब्द सांगायला मारिकेकडे वळलो. आणि तेवढ्यात टेकडी निघाली! मी कुठे निघालो? मी उभाच होतो! टेकडीच माझ्या खालून सरकायला लागली. आणि मी पाठमोरा!

पोरांनी घसरून घसरून उतारावर एक गुळगुळीत वाट केली होती. म्हणजे त्या टेकडीची पिस्ट म्हणायची ती. दोन सेकंदांत मी ती सोडली. एक झुडूप गेलं, दुसरं गेलं, एक कुत्रा बाजूला झाला. "वळ! वळ!" वाउटर ओरडत होता. कसं वळतात ते मला कोणी सांगितलं होतं? मी ओरडलो ते मात्र शुद्ध मराठीत ओरडलो, आणि खालच्या गोठलेल्या चरात पार्श्वभागावर उतरलो. बर्फ म्हणाला 'कड्', आणि मी कमरेपर्यंत पाण्यात.

आणि वर टाळ्या! पोरांना वाटलं, हाच कार्यक्रम होता.

"बाबा," ईरा काठावरून म्हणाली, "यू फरगॉट टु टर्न."

वाउटरने माझ्याच हातून उडालेली स्कीची काठी पुढे केली. नियम दीड मीटरचा, काठी जवळजवळ तेवढीच. त्या काठीला धरून मी बाहेर आलो. दात वाजत होते, पायात कळ येत होती. मारिके फोन घेऊन धावत खाली आली. स्क्रीनवर नऊ चेहरे. म्हटलं, संपलं सगळं. आता पुन्हा कोपरा आणि संत्र्याचा रस. निदान स्वतःच्या तोंडाने तरी सांगावं.

"मला स्की येत नाही," मी म्हणालो. "मी आजपर्यंत कधीच केलेलं नाही. सगळं खोटं होतं."

"माहीत आहे," वाउटर म्हणाला.

"माहीत आहे? कधीपासून?"

"पहिल्या शुक्रवारपासून. मंदार, तू रूटवर बाण काढले होतेस. ते सगळे वर जात होते."

मला आधी कळलंच नाही. मग लख्खकन प्रकाश पडला, आणि चराच्या पाण्यापेक्षा जास्त गारठलो. अहो, सह्याद्रीत वाट म्हणजे पायथ्याच्या गावातून गडावर जाते! उतरायची वाट वेगळी कोण आखतो? आणि ही मंडळी रोपवेच्या पाळण्यात बसून वर जातात, त्यांची रूट सुरू होते शिखरावर आणि येते खाली. मी सहा आठवडे एका अख्ख्या टीमला स्की पायाला बांधून आल्प्स चढायला लावत होतो!

"निघायची वेळ पहाटे पाच लिहिली होतीस," मारिके म्हणाली. तिला पुन्हा हसू आवरेना. "मधे 'पाणी भरून घ्या'. आणि शिखरावर 'देऊळ', पुढे प्रश्नचिन्ह."

"मग बोलला का नाहीत?"

वाउटर जरा घुटमळला. डच माणूस घुटमळताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. "आधी गंमत म्हणून. मग... माझे वडील एकटे राहतात. त्यांना भेटता येत नव्हतं. तुझा शुक्रवार मी त्यांना फोनवर ऐकवायचो. तरुणपणी ते त्याच डोंगरांत चालायचे. ते म्हणतात, हाच एक माणूस शहाणा आहे, डोंगर चढायचाच असतो. पुढच्या शुक्रवारी नवी रूट नसेल तर मला त्यांना काहीतरी कारण सांगावं लागेल."

मला रडू आलं हो. भर टेकडीखाली, ओल्या पँटमध्ये, नऊ माणसांसमोर. म्हणजे इतके आठवडे ते उस्तादासाठी येत नव्हते. माझ्यासाठी येत होते. मी उगाच स्कीवर चढलो.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण सोमवारी सकाळी घोटा टम्म सुजला. फॅमिली डॉक्टरांकडे फोन लावला, स्पीकरवर. तिकडून असिस्टंट बाई.

"काय झालं?"

"घोटा मुरगळलाय. ऑफ-पिस्ट स्कीइंग करताना."

"कुठल्या देशात? बाहेरून आला असाल तर दहा दिवस क्वारंटाइन..."

"बाहेर नाही हो. इथेच. बुइटनव्हेल्डर्टमध्ये."

जरा वेळ नुसती कीबोर्डची टकटक. "सर, बुइटनव्हेल्डर्ट समुद्रसपाटीच्या खाली आहे."

"अहो पण टेकडी आहे ना! मी पाठमोरा होतो, आधी झुडूप लागलं, मग कुत्रा, मग चर..."

शपथेवर सांगतो, स्कीइंगबद्दल मी आयुष्यात पहिल्यांदा अक्षर न् अक्षर खरं बोलत होतो. टकटक थांबली. बाईंचा आवाज एकदम मऊ झाला.

"सर, पडताना डोक्याला मार लागला होता का?"

लॅपटॉपवरून मान वर न करता ओट्यावरून मुग्धा म्हणाली, "नाही नाही, ते लग्नाच्या आधीपासून तसंच आहे."