मानाच्या भिंतीवरची जन्मतारीख

शारजात अल नहदाला आमच्या मंडळाचा एक छोटा हॉल आहे. रत्नागिरीकडच्या गावांच्या टीमा करून आम्ही इथे टेनिस बॉलची क्रिकेट स्पर्धा भरवतो, तिच्या जुन्या खेळाडूंचे फोटो या हॉलच्या एका भिंतीवर आहेत. आम्ही तिला मानाची भिंत म्हणतो, मुलं हॉल ऑफ फेम म्हणतात. वर्षाला एकच फोटो लागतो. त्याखाली नाव, जन्मतारीख आणि जिंकलेले कप लिहायचं काम माझं, कारण मी सेक्रेटरी आहे आणि माझं अक्षर बरं आहे.

यंदा नाव आलं ते माझ्याच वाडीतल्या मित्राचं. शटरिंगच्या कामावरचा फोरमन, डावखुरा बोलर. साठ पूर्ण झाले म्हणून कंपनी त्याला कायमचं घरी पाठवत होती. रविवारचं विमान होतं. इतक्या वर्षांत त्याने मंडळाकडे काही मागितलं नव्हतं. या वेळी एवढंच म्हणाला, "लागला फोटो तर बघून जाईन."

आणि मी हरकत घेतली.

चाळिशीच्या वरच्यांची वेगळी स्पर्धा आम्ही सुरू केली, तेव्हा पहिले दोन्ही कप त्याने जवळजवळ एकट्याने जिंकून दिले होते. पासपोर्टप्रमाणे तो तेव्हा चाळीस होता. खरा होता अडतीस. मला ठाऊक होतं, कारण मीही अडतीसच होतो. आमच्या आया एकाच महिन्यात बाळंत झाल्या, तो माझ्याहून आठ दिवसांनी मोठा. माझ्या पासपोर्टावर खरी तारीख होती, म्हणून ती दोन वर्षं मी बाउंड्रीबाहेर बसून स्कोअर लिहिला. नियम म्हणजे नियम, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं सांगायचं तर मी जळत होतो आणि वीस वर्षांत ते जळणं कमी झालं नव्हतं.

शनिवारी दुपारी बैठक बसली. अध्यक्ष रत्नागिरीचे व्यापारी, त्यांना सगळे भाईजान म्हणतात. ते म्हणाले, "पासपोर्ट हाच पुरावा. इथं आपण सगळे पासपोर्टवरच जगतो ना? खलास."

कमिटीत एक इथेच वाढलेला इंजिनियर आहे, दुबईत सिलिकॉन ओएसिसला ऑफिस. तो म्हणाला, "नाही अंकल. अमेरिकेत बेसबॉलचं बघा. कसले रेकॉर्ड्स असलेले प्लेअर्स, पण चीटिंग केलं म्हणून हॉल ऑफ फेमच्या बाहेर. रूल्स आर रूल्स."

बेसबॉलची बॅट कशी धरतात हेही मला माहीत नाही, पण त्या दुपारी तो खेळ मला फार आवडला.

"तुला कसं माहीत रे, तो अडतीसचा होता ते?" भाईजाननी मला विचारलं.

"एका गावचे आहोत," मी म्हणालो आणि पुढचं गिळून टाकलं.

पुढचं असं होतं, की ती खोटी तारीख माझ्या वडिलांनी लिहिली होती. ते आमच्या गावच्या शाळेत गुरुजी होते. त्याचे वडील वारलेले, आई मजुरीला जायची, चार वर्षांचं पोर ठेवायचं कुठे? शाळेत बसेल आणि तिथलं दूध तरी पोटात जाईल, म्हणून वडिलांनी रजिस्टरात त्याला सहा वर्षांचा केला आणि गावातल्या निम्म्या पोरांसारखी एक जून तारीख टाकली. तीच पुढे शाळेच्या दाखल्यावरून पासपोर्टावर गेली. पठ्ठ्या पुढे दोनदा नापास होऊन माझ्याच वर्गात आला. वडिलांनी स्वतःच्या मुलाची तारीख मात्र अचूक लिहिली होती.

शेवटी त्यालाच बोलावलं. तो सामान बांधता बांधता आला, बाहीला चिकटपट्टीचा तुकडा तसाच.

"खरं आहे, भाईजान. अडतीसचाच होतो मी."

"मग ही तारीख घातली कुणी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली बघून म्हणाला, "आई अडाणी होती. तिनेच काहीतरी सांगितलं असेल."

माझ्या वडिलांवर बोट नको म्हणून त्याने सगळं स्वतःच्या मेलेल्या आईवर ढकललं. मला बसवेना. "नाही, माझ्या वडिलांनी लिहिली," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

भाईजान त्याला म्हणाले, "म्हणजे तू आत्ता अठ्ठावन्नचा. कंपनीला सांगितलंस?"

"हात जोडून सांगितलं. म्हणाले, पासपोर्टवर आहे तेच खरं. दोन वर्षं मिळाली असती तर धाकटीचं नर्सिंग पुरं झालं असतं." मग तो माझ्याकडे वळला. "बरं झालं तू बोललास. चार महिने सांगत फिरतोय, माझं खरं वय कुणी मानलं नाही. तू मानलंस."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"ते दोन कप खोडा," तो म्हणाला. "फोटो लावायचा का नाही ते तुम्ही ठरवा. पण लावलात तर खाली माझी खरी तारीख लिहा. कुठेतरी एका जागी असू दे."

फोटो लावायला सगळे हात वर झाले. बेसबॉलवाल्याचा पहिला, माझा शेवटचा. कप वगळून उरलेला खेळसुद्धा त्या भिंतीला पुरून उरेल इतका होता, हे मला कधीपासून माहीत होतं.

मी पेन उघडलं आणि तारीख विचारली. ती त्यालाही माहीत नव्हती. "होळीच्या सुमाराला, आई म्हणायची. तुझ्याआधी आठ दिवस."

तेव्हा मी वडिलांनी लिहिलेली माझी तारीख आठवली, तिच्यातून आठ दिवस वजा केले आणि त्याच्या फोटोखाली लिहिली.