सुगराबीची सुगराबीवर तक्रार

जुन्या जालन्यातल्या मुलींच्या आलिमा कॉलेजात सुगराबीची डाळ एकतीस वर्षं शिजतेय. दीनी तालीम घ्यायला आलेल्या एकशे चाळीस मुली ती दोन्ही वेळा खातात आणि सुगराबीला दादी म्हणतात. आजवर एका पोरीनं नाक मुरडलेलं नाही, हे म्हातारी गल्लीभर सांगत फिरायची. सांगू द्या, माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच.

यंदा प्राचार्या आसिफा आपांनी कॉलेजला गुणवत्तेचं आयएसओ प्रमाणपत्र मिळवायचं मनावर घेतलं. ते मिळालं की एक विद्यापीठ इथल्या मुलींना एम. ए.ला प्रवेश देणार होतं. सुगराबीची नात अंबरीन शेवटच्या वर्षाला, म्हणून म्हातारीचाही जीव त्या कागदात अडकला.

तपासणीला आला श्रेयांस, कापडवाल्या मारवाड्याचा मुलगा, बोलायला गोड आणि पेनानं खट. त्यानं वर्ग पाहिले, हजेऱ्या पाहिल्या आणि शेवटी व्हरांड्यातली तक्रारपेटी उघडली. आत एक पाल होती.

"आपा, सहा महिन्यांत एक बी तक्रार न्हाई? मंग पेटी चालते हे मी कशावरून लिहू? तक्रार आली, तिच्यावर इलाज झाला, असं एक तरी दाखवा. पंधरा दिवसांनी येतो."

आपांनी कपाळाला हात लावला. इथं उस्तादांपुढं कुणी मान वर करत नाही, आणि जेवणाला नाव ठेवणं म्हणजे तर गुन्हाच. तक्रारी लिहा म्हटलं की पोरी तौबा तौबा करत कानाला हात लावायच्या.

सुगराबीनं पदर खोचला आणि अंबरीनला चुलीपाशी बोलावलं. "लिही. सुगराबीच्या डाळीत मीठ लई पडून राह्यलंय. खाली नाव टाकू नको."

अंबरीन पांढरी पडली. "दादी, हे कुणी सांगितलं तुला?"

"कोण सांगंल? झूट हाय बिलकुल, पण तुझ्या एम. ए.साठी. अल्ला माफ करंल. लिही जल्दी!"

पेटीत निघालेली ती बिननावाची चिठ्ठी आपांनी नियमाप्रमाणे फलकावर लावली. दादीवर तक्रार झाली तरी आभाळ कोसळत नाही, हे पोरींनी पाहिलं. आठवड्यानं पेटी उघडली तर सदतीस चिठ्ठ्या! उस्तादांवर एकही नाही, सगळ्या डाळीवर. 'दोन वर्षं झाली, मीठ जास्तच असतं.' 'आम्ही पाणी घालून खातो.' आणि जवळजवळ प्रत्येकीच्या खाली, 'पण दादीला काढू नका.'

म्हातारी मटकन बसली. तिला फार लागलं. वयानं जिभेची चव गेली होती आणि त्याचा तिलाच पत्ता नव्हता.

"तू का न्हाई बोललीस गं?"

"तुझ्या हातचं खाऊन मोठी झाले, दादी. कोणत्या तोंडानं बोलू?" अंबरीन रडायलाच लागली.

इलाज ठरला. रोज एका मुलीनं आधी चव पाहायची आणि वहीत सही करायची. श्रेयांस आला, तेव्हा त्याच्यासाठी बिनकांदा-लसणाची वाटी वेगळी काढलेली होती. ती त्यानं चाटूनपुसून संपवली. फॉर्मवर आता एकच रकाना उरला होता, तक्रारदाराचं समाधान झालं का?

"पहिली चिठ्ठी कुणाची?" आपांनी विचारलं.

सुगराबीनं हात वर केला. श्रेयांसचं पेन हवेतच राहिलं.

"चाची, तुम्ही? मंग सांगा, डाळ आता बराबर हाय?"

तिनं पळीतली डाळ तळहातावर घेऊन चाखली. मग जेवणाच्या खोलीकडं पाहिलं. अंबरीन ताट घेऊन पुन्हा रांगेत उभी होती.

"मला तर निस्तं पाणी लागून राह्यलंय, बेटा," सुगराबी म्हणाली. "पण पोरी दुसऱ्यांदा मागून राह्यल्यात. लिही, झालं समाधान."