बाहेरचं कोणी येत नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — नीट कळत नाही मलाही. तुम्ही आमच्या दूध संघातले नाही, एवढंच असेल कदाचित.

संघाची मुख्य डेअरी देवळाली प्रवराच्या अलीकडे. गावोगावचं दूध आधी शीतकरण केंद्रांवर जातं — बेलापूरला, नेवाशाला — आणि तिथून टँकरने आमच्याकडे येतं. मी तिथे कॉम्प्युटर सांभाळतो. पूर्वी दूध किती निघालं, फॅट किती लागलं, हे केंद्रावरचे लोक फोनवर ओरडून सांगायचे. मग आम्ही सगळी केंद्रं आतल्या आत जोडून घेतली. संघाचं स्वतःचं नेटवर्क, फक्त संघातल्या माणसांसाठी, बाहेरच्या इंटरनेटशी काही संबंध नाही. त्यातच एकमेकांना निरोप लिहायची सोय केली.

लोकांना समजावताना मी म्हणायचो, एका घरातल्या खोल्यांना आतून दारं असतात ना, तसं आहे हे. रस्त्यावरचा माणूस आत येत नाही. एवढंच सांगायचो. सगळे निरोप माझ्या टेबलाशेजारच्या सर्व्हरवरून जातात आणि मला ते उघडता येतात — हे मात्र नाही सांगितलं. मुद्दाम लपवलं का? सुरुवातीला नसेल. कुणी विचारलंच नव्हतं.

नसरीनबाईंनी विचारलं.

नसरीनबाई शेख लॅबमध्ये होत्या, दुधाची तपासणी करायच्या. त्यांची मैत्रीण मंगलताई नेवाशाच्या केंद्रावर. दोघी एकाच वेळी संघात लागल्या, बरीच वर्षं एका बाकावर डबा खाल्ला, मग मंगलताईंची बदली झाली. एक दिवस नसरीनबाई माझ्या दाराशी आल्या. "दीपकभाऊ, हितं लिवलेलं दुसरं कुणी वाचत न्हाई ना?"

"नाही ताई," मी म्हणालो. "बाहेरचं कोणी आत येऊच शकत नाही."

शब्द तपासले तर खोटं नव्हतं ते. पण त्यांनी काय विचारलं होतं आणि मी कशाचं उत्तर दिलं — मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं.

पहिल्यांदा उघडलं ते कामापोटी. नेवाशाचे निरोप अडकत होते म्हणून. मग सवय लागली. दुपारी चहा पिता पिता मी त्या दोघींचं वाचायचो. मंगलताईंचा गुडघा, नसरीनबाईंच्या सासूबाईंचा हट्ट, ईदला शेवया कुणाच्या हातून पाठवायच्या. कधी कधी एकटाच हसायचो. त्यांच्या मैत्रीत मी तिसरा होतो — आणि त्यांना पत्ताही नव्हता.

तिथेच मी वाचलं की नसरीनबाईंना एकदा घरी फिट आली होती. नगरच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, त्यानंतर त्रास नव्हता. 'तुझ्याशिवाय कुणाला म्हायती न्हाई,' असं लिहिलं होतं त्यांनी. 'नवऱ्याला आन् तुला.'

पुढे लॅबचे प्रमुख निवृत्त व्हायला आले. मॅनेजर साहेबांनी मला सहज विचारलं, "शेखबाईंना लॅब द्यावी म्हणतोय. कशी वाटते बाई?"

आता मी जे बोललो ते का बोललो? माझं त्यांच्याशी वैर नव्हतं. ती जागा मला नको होती. साहेब विचारतायत, आणि साहेबांना ठाऊक नाही असं काहीतरी मला ठाऊक आहे — बस, एवढीच ऐट. म्हणालो, "काम चोख आहे साहेब. पण फिट येतात म्हणे त्यांना. लॅबमध्ये ॲसिड असतं, म्हणून आपलं कानावर घातलं."

लॅब दुसऱ्याला मिळाली. नसरीनबाईंना लॅबमधूनच हलवलं, पॅकिंगला टाकलं. कारण तोंडी सांगितलं — तब्येत.

त्या पुन्हा माझ्याकडे आल्या. चेहरा उतरलेला. "भाऊ, खरं सांगा. ह्या नेटवर्कमधनं तर न्हाई ना गेलं कुठं?"

तेव्हा तरी सांगता आलं असतं. समोर बसल्या होत्या. दुसरं कुणी नव्हतं खोलीत. मी म्हणालो, "ताई, आपली सिस्टीम बंद आहे. बाहेर काही जातच नाही."

त्यांनी मान हलवली. "मंग मंगलच," त्या म्हणाल्या. एवढंच. उठून गेल्या.

मी ऐकलं ते. थांबवलं नाही.

त्यानंतर मंगलताईंचे निरोप यायचे — काय झालं, काही चुकलं का माझं, बोल तरी. उत्तर जायचं नाही. आणि तेही मी वाचत होतो! संघाच्या सभेला मंगलताई नेवाशाहून आल्या, पॅकिंगच्या दारात बराच वेळ उभ्या राहिल्या. नसरीनबाई त्यांच्या अंगावरून निघून गेल्या. मंगलताई माझ्याकडे आल्या, डोळे पुसत म्हणाल्या, "दीपक, मी न्हाई रं सांगितलं कुणाला. तू समजाव तिला. तुझं ऐकंल ती."

"सांगतो," मी म्हणालो. नाही सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात मंगलताई गेल्या. हार्ट अटॅक. केंद्रावरून फोन मला आला, मीच पॅकिंगमध्ये जाऊन नसरीनबाईंना सांगितलं. त्या पिशव्यांच्या क्रेटवर बसल्या. मशीन चालू होतं, मोठ्याने बोलावं लागत होतं.

"माती कधी हाय?"

"आज दुपारी."

त्यांनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाल्या, "तुमी जाताय ना? माझ्याकडनं फुलं वाहा. म्हनावं, नसरीननं माफ केलं."

मी गेलो. नेवाशाच्या बाजारात फुलं घेतली, वाहिली. निरोप मनातल्या मनात म्हटला — म्हणजे मंगलताईंनी जे केलंच नव्हतं, ते मी माझ्या तोंडाने त्यांना माफ केलं. त्यांची मुलगी जवळ आली. "नसरीनमावशी न्हाई आल्या?"

"बरं नव्हतं त्यांना," मी म्हणालो.

नसरीनबाई अजून पॅकिंगलाच आहेत. जाता-येता भेटतात, माझ्या मुलाच्या परीक्षेची चौकशी करतात. मी उभा राहतो, उत्तर देतो, आणि पुढे जातो.