जुनं इंजिन आणि चहा

आमच्या अकोल्याच्या ऑफिसात एक ज्येष्ठ सहकारी माझ्या शेजारी बसतात. पायथन या संगणकाच्या भाषेत शोधाचे नमुने लिहून गावोगावच्या याद्यांतून नावं शोधायची, हे आमचं काम. शोध संपायला बराच वेळ लागायचा; तो सुरू केला की ते खुर्ची मागे सारतात, "चालू दे त्याले," म्हणतात आणि चहाला खाली उतरतात.

मी अतिशहाणा. जुनं काढून वेगवान शोध-इंजिन आणून जोडलं. हिवरखेडची अख्खी यादी त्यांच्या पायात चप्पल जायच्या आत संपली. ते परत बसले. चहा राहून गेला.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, "एकाच ओळीत तेच आडनाव दोनदा आलं, तं तुयं इंजिन शोधते काय?"

नाही शोधत. मागे काय सापडलं, हे ते घाईत लक्षातच ठेवत नाही; जुनं सावकाश चालतं, पण ठेवतं.

"मंग जुनंच लावा लागते," ते गंभीरपणे म्हणाले आणि उठले.

तेव्हापासून प्रत्येक शोधात ते ही अट घालतात. काल बाळापूरच्या यादीतले फक्त पिनकोड हवे होते. त्यातही आडनाव दोनदा! मी त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

"पाहून काय रायला बे? चाल," ते म्हणाले. "त्याले याद करू दे."

मी चप्पल घातली.