दोनचा ताळा

दौंडच्या एका क्लासमध्ये नोकरीसाठी डेमो तास द्यायला मुलांसमोर उभी राहिले, तेव्हा क्लासचे मालक मागच्या बाकावर जाऊन बसले. मांडीवर क्लासच्या छापील नोट्स, त्यांनी स्वतः काढलेल्या. मी शिरूर तालुक्यातल्या वडगाव रासाईची, लग्न होऊन इकडे आलेली. यंदा कुठं लागले नाही तर शिकवण्याचा नाद सोडायचा, असं घरी कबूल करून बसले होते.

गणित मालकांनीच नोट्समधून दिलं. डावीकडे वर्गमुळाच्या चिन्हाखाली एक्स अधिक सात, उजवीकडे नुसतं एक्स उणे पाच. मी दोन्ही बाजूंचा वर्ग केला, अवयव पाडले, एक्सच्या दोन किमती आल्या: नऊ आणि दोन. इथवर सुरळीत. मग सवयीनं ताळा घेतला. नऊ घातले तर दोन्हीकडे चार. दोन घातले तर डावीकडे तीन आणि उजवीकडे उणे तीन. वर्गमुळाचं ते चिन्ह उणे उत्तर कधी देत नाही, म्हणून मी दोनवर काट मारली.

"मॅडम, दोन्ही लिहा," मागून आवाज आला. "नोट्समध्ये दोन्ही आहेत."

छापलेलं चुकलंय, हे ज्यानं छापलं त्यालाच सांगायचं, आणि तेही नोकरी मागायला आल्यावर! काही सुचेना, तेव्हा घरचंच सुचलं. आजोबांपर्यंत आमच्यात मेंढरं होती. दोन कळप एका वाटेनं आले की परकं मेंढरू आपल्यात मिसळतं. मग कानाची खूण बघायची आणि आपलं नसेल ते ज्याचं त्याला धाडायचं. मुलांना म्हटलं, वर्ग केला की तीनचेही नऊ होतात आन् उणे तीनचेही नऊच. त्या गर्दीत हा दोन आत शिरलाय, म्हणून खूण बघायची.

"परीक्षेत मेंढरं येत नाहीत," मालक म्हणाले. पोरं हसली. मीही हसले, भ्यालेलं माणूस दुसरं काय करणार. "पुढचं घ्या."

सुटले असं वाटलं. डस्टर उचललं, काट मारलेला दोन पुसला की विषय संपला. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली.

"मॅडम, मागच्या चाचणीत म्या फकस्त नऊ लिवलं व्हतं. मार्क कापले. तवापासनं मला गणित जमतच न्हाई असं वाटतंय. म्हंजी माझं बरोबर व्हतं का?"

पोर माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोक्यावरून मालकही माझ्याकडेच बघत होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. डस्टर टेबलावर ठेवून दिलं.

"बरोबर होतं," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की तिला ऐकूच गेलं नाही.

"काय म्हणला, मॅडम?"

मग मला ते मोठ्यानं म्हणावं लागलं.