समासातलं घावन

घावन तव्यावर घातलं की त्याला हात लावायचा नाही, हे म्हसळ्याच्या पोरींना शाळेच्या वयातच कळतं. झाकण ठेवायचं आणि कडा सुटेपर्यंत वाट बघायची. मधेच तवा हलला की घावनाची जाळी मोडलीच म्हणून समजा. त्या गुरुवारी संध्याकाळी, दोह्याजवळच्या अल वक्रात, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, ताहेरुन्निसा धनसेची लागोपाठ चार घावनं फुकट गेली. ती दर मिनिटाला झाकण उघडत होती आणि आपटत होती.

"काय झालं गो?" बाहेरच्या खोलीतून तिच्या नवऱ्याने, नसरुद्दीनने विचारलं. "तव्याने काय घोडं मारलंय तुझं?"

"तव्याने नाही. लेकीला विचारा."

हनिया मोबाइलवर अम्मीच्या प्रयोगशाळेचा नुकताच छापून आलेला शोधनिबंध वर-खाली करत होती. "अम्मी, आय चेक्ड ट्वाइस. युवर नेम इज नॉट देअर." मग अगदी तळाशी जाऊन म्हणाली, "वन लाइन आहे. थँक्स टू द टेक्निकल स्टाफ."

"टेक्निकल स्टाफ!" ताहेराने उलथनं ओट्यावर फेकलं. "म्हणजे त्यात एसी दुरुस्त करणारा पण आला!"

"खलास, सोड ना," नसरुद्दीन म्हणाला. "पगार वेळेवर होतो. नावाचं काय लोणचं घालायचंय?"

"तुमच्या गोदामातल्या मालावर दुसऱ्याने सही केली तेव्हा दोन दिवस जेवला नव्हतात तुम्ही."

पाचवं घावनही फुकट गेलं.

दोह्यातल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ताहेरा नऊ वर्षं तंत्रज्ञ होती. तिथे एक जिवाणू वाढवायचे. त्याच्या अंगावर प्रथिनांचं कवच असतं, सारख्या भोकांच्या जाळीसारखं. रसायनात घालून ते कवच सोडवायचं, त्याचे सुटे कण पाण्यात ठेवायचे, मग कॅल्शियमचं मीठ मिसळून सिलिकॉनच्या चकतीवर ओतायचे. कण आपले आपण पुन्हा शेजारी शेजारी बसतात आणि तीच जाळी विणतात. त्या जाळीवर पाण्यातलं विष ओळखणारे रेणू ओळीने बसवता येतात. चकती पाण्यात बुडवली की विष आहे की नाही ते कळावं, अशी ती योजना.

पुण्याहून दोन वर्षांच्या करारावर आलेल्या डॉ. देवव्रतला पहिले तीन महिने ही जाळी काही केल्या जमली नव्हती. जमवली ताहेराने. तिच्या लक्षात आलं की पाच दिवसांपेक्षा जुनं प्रथिन आंबलेल्या पिठासारखं वागतं, गोळे धरतं. आणि चकत्यांचा ट्रे तो फ्रिजवर ठेवायचा, त्या फ्रिजची घरघर जाळी मोडते. तिने ट्रे दगडी ओट्यावर हलवला. ताजं प्रथिन शुक्रवारी हाती यायचं, म्हणून सात महिने प्रत्येक शुक्रवारी, सगळा देश सुट्टीवर असताना आणि मेट्रो उशिरा सुरू होत असताना, ती कामावर गेली. आणि निबंधात छापलं होतं की प्रथिनं आपोआप जुळतात. कोणी जुळवून घेतली, त्याचा पत्ता नाही.

रविवारी सकाळी ती पोचली तेव्हा देवव्रत दारातच उभा होता.

"ताहेराताई, घोटाळा झालाय. मंगळवारी पैसे देणाऱ्या संस्थेची माणसं येणार आणि माझ्या एकाही चकतीवर जाळी नाही. काल स्वतः येऊन केल्या."

"होईल की. आपोआप होते ना ती?"

त्याचे कान लाल झाले. "तुमच्या वहीतून शब्दन् शब्द निबंधात टाइप केलाय मी. आकडे तपासून बघा."

ताहेराने वही उघडली. पानावर इंग्रजीत आकडे, आणि डावीकडे समासात तिच्या बारीक अक्षरात मराठी. तिने बोट ठेवलं. "हे टाइप केलंत?"

त्याने वाचलं. 'घावनासारखं. पीठ पाच दिवसांपुढे नाही. तवा हलता कामा नये. फ्रिजवर तर मुळीच नाही.'

"ही... मला वाटलं रेसिपी आहे. तुम्ही डब्यात आणता ना, त्याची."

"फ्रिजवर तवा कोण ठेवतं, डॉक्टर?"

काल त्याने बारा दिवसांचं प्रथिन वापरलं होतं. ट्रे आत्ताही फ्रिजवरच होता, बारीक थरथरत.

"मराठी वाचता येतं तुम्हाला," ताहेराचा आवाज चढला. "वाचता न येणारा दुसरा कोणी असता तर मी गप्प बसले असते. तुम्ही वाचलंत, हसलात आणि सोडून दिलंत. बाईने लिहिलंय म्हणजे स्वैपाकाचंच असणार!"

"सॉरी ताई. खरंच. पण आता मंगळवारचं—"

"शीतखोलीत परवाची ताजी बाटली आहे. काल दिवसभरात तुम्हाला दिसली नाही, कारण तिच्यावर माझं नाव होतं." तिने टेबलावरचा पेटंटचा अर्ज त्याच्यापुढे सरकवला. त्यात दोनच नावं होती, त्याचं आणि प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांचं. "यात लिहिलंय, ज्यांनी शोधलं त्या सगळ्यांची नावं. पाच दिवस कोणी शोधले? ओटा कोणी शोधला?"

"ते सरांच्या हातात आहे."

"मग मंगळवारी सरांनाच घावन घालायला सांगा."

तो फोन घेऊन बाहेर गेला. काचेपलीकडे त्याचा हात वरखाली होताना दिसत होता. दहा मिनिटांनी "सर हो म्हणाले" असं सांगत आत येऊन त्याने अर्ज स्क्रीनवर उघडला आणि तिसऱ्या ओळीत तिचं नाव लिहिलं. ताहेराने एकेक अक्षर वाचलं.

"सरांची सही झालेली प्रत मला पाठवा. हिथे बसून, आत्ता."

तिच्या मोबाइलवर प्रत येईपर्यंत ती हलली नाही. मग हातमोजे चढवले, बाटली आणली, दगडी ओट्यावर बारा चकत्या मांडल्या, मीठ घालून एकेकीवर थेंब सोडला आणि वर झाकण ठेवलं.

"आता संध्याकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

"थँक्यू ताई. पुढची बॅच शुक्रवारीच ना?"

"यापुढे शुक्रवारी मी घरी असणार. कसं करायचं ते शिकवते, शुक्रवारी इथे तुम्ही या." तिने हातमोजे उतरवून कचऱ्यात टाकले. "आणि छापून आलंय त्याचं काय?"

"त्याची... दुरुस्ती पाठवावी लागेल."

"पाठवा. समासातल्या घावनासकट."

आणि ती ओट्यापाशी स्टूल ओढून, दाराकडे तोंड करून बसली.